बसलेली गाय आणि पेशीतलं कॅल्शियम

मी सातवीत असताना आमची गाय बसली. सांगली जिल्ह्यातलं गाव, पौषातली थंडी, तिसऱ्या वेताची संकरित गाय. संध्याकाळी ती व्याली, कालवड झाली, चीक काढला, आईने खरवस लावला. पहाटे आबा गोठ्यात गेले तेव्हा गाय खाली होती. मान मागे वळवून बरगडीवर टाकलेली, डोळे थिजलेले, रवंथ बंद, कान हाताला गार. तिघांनी मिळून उठवायला पाहिलं तरी उठेना.

डॉक्टर मोटारसायकलवरून आले. बघताक्षणी म्हणाले, "दुग्धज्वर." अंग तर गार होतं, मग ज्वर कसला, असं मला वाटलं. त्यांनी एक बाटली गरम पाण्याच्या बादलीत ठेवायला लावली. मग मानेच्या शिरेत सुई घातली, बाटली मेढीला टांगली आणि एका हाताने नळी चिमटीत धरून दुसऱ्या हाताने गायीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. थोडं औषध सोडायचं, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा सोडायचं. असं बराच वेळ चाललं. गायीच्या मांडीवर थरथर उमटली. तिने ढेकर दिली, शेण टाकलं. अर्ध्या तासात ती पुढचे गुडघे टेकून उठली आणि कालवडीकडे बघून हंबरली. आबांचे डोळे भरून आले होते.

बाटलीत काय होतं, असं मी विचारलं. "कॅल्शियम." आजी म्हणाली, "म्हणजे चुनाच की." डॉक्टर म्हणाले, "त्याच जातीचं, पण हे रक्तात चालतं."

त्या उत्तराच्या मागे मी आयुष्यभर चालत आले. जीवरसायनशास्त्र शिकले आणि गेली सव्वीस वर्षं अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींमधलं कॅल्शियम बघते आहे. नव्या विद्यार्थ्यांना जे मी पुन्हा पुन्हा सांगते, ते इथे लिहून ठेवते.

१. आधी शांतता बघायला शिका.

कॅल्शियम इतकं महत्त्वाचं, तर पेशी त्याने भरलेली असणार, अशी माझी कल्पना होती. कॅल्शियमला धरून चमकणारा रंग पहिल्यांदा पेशींत भरला, दिवे मालवले आणि पडद्यावर पाहिलं, तर पेशी जेमतेम दिसत होत्या. प्रयोग फसला असं समजून मी सगळं ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक बाई शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हेच तर बघायचं असतं."

पेशीभोवतीच्या द्रवात मोकळं कॅल्शियम एक ते दोन मिलिमोलर असतं. स्वस्थ पेशीच्या आत ते साधारण १०० नॅनोमोलर असतं. बाहेर दहा हजार तर आत एक, आणि मध्ये काही नॅनोमीटर जाडीचा पडदा. सोडियम किंवा पोटॅशियमचा आतबाहेरचा फरक याच्या जवळपासही येत नाही.

एवढा फरक राखायचं कारण फॉस्फेट. पेशीचं चलन म्हणजे एटीपी, आणि त्यात फॉस्फेट असतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर प्रमाणात भेटले की त्यांचा खडा होतो. आपली हाडं आणि दात त्याच खड्याचे आहेत. असा खडा पेशीच्या पोटात झाला तर पेशी संपली. म्हणून पेशीच्या कडेवरचे पंप एकेका एटीपीच्या मोबदल्यात एकेक कॅल्शियम बाहेर टाकतात, आणि पेशीच्या आत कॅल्शियम साठवणारा जो कप्पा असतो, त्याचे पंप एका एटीपीत दोन कॅल्शियम त्या साठ्यात कोंडतात. हे काम रात्रंदिवस चालतं.

गावात रात्री एक कुत्रं भुंकलं तरी वेशीपर्यंत ऐकू जातं. जत्रेत कानाशी ओरडलं तरी कळत नाही. पेशी आपल्या आत ती रात्र राखते. मग पडद्यातलं एखादं दार क्षणभर उघडलं आणि थोडंसं कॅल्शियम आत आलं, तरी तिथलं प्रमाण दसपट होतं आणि सगळ्यांना कळतं. ते कळून घेणाऱ्यांपैकी एक प्रथिन म्हणजे कॅल्मोड्युलिन. त्यावर कॅल्शियमसाठी चार जागा आहेत. त्या भरल्या की त्याचा आकार बदलतो, ते दुसऱ्या प्रथिनांना मिठी घालतं आणि त्यांना कामाला लावतं.

२. पाण्यावर विश्वास ठेवू नका.

माझे सहा आठवडे पाण्याने घेतले. पेशींत दिसणारं कॅल्शियम बाहेरून येतं की आतल्या साठ्यातून सुटतं, हे मला ठरवायचं होतं. मी कॅल्शियम न घालता द्रावण केलं. उत्तेजन दिल्यावर पेशींनी तरीही उत्तर दिलं, म्हणजे त्यांच्यातलं कॅल्शियम वाढलं. आतल्या साठ्यातूनच सुटतं, असा निष्कर्ष मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिला. बाईंनी एकच प्रश्न विचारला: "ईजीटीए घातलं होतं?" नव्हतं घातलं. आपण कॅल्शियम घातलं नाही म्हणजे द्रावणात ते नसतं असं नाही. काचेतून, क्षारांच्या भुकटीतून, पाण्यातून काही मायक्रोमोलर कॅल्शियम येतंच. पेशीच्या आतल्या मानाने ते कितीतरी पट जास्त. ईजीटीए हे उरलंसुरलं कॅल्शियम पकडून ठेवतं. ते घातल्यावर माझं अर्धं उत्तर नाहीसं झालं आणि निष्कर्ष पुसावा लागला.

तेव्हा बाईंनी मला सिडनी रिंगर यांची गोष्ट सांगितली. लंडनचे हे डॉक्टर बेडकाचं हृदय शरीराबाहेर खाऱ्या द्रावणात धडधडत ठेवायचे. १८८२ साली त्यांनी आपल्या द्रावणाबद्दल लिहिलं. मग लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलं नव्हतं, न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाण्यात तेच क्षार घातले तर हृदय थोड्याच वेळात थांबायचं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. १८८३ साली रिंगर यांनी हे सगळं, नळाच्या पाण्यासकट, उघडपणे छापलं. कॅल्शियम हाडांपलीकडे, जिवंत स्नायूच्या कामात लागतं, हे जगाला त्या शोधनिबंधातून कळलं. आपली चूक लपवून द्रावण गुपचूप बदललं असतं, तर हा शोध कधी लागला असता कोण जाणे. मला रिंगर यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या प्रामाणिकपणासाठी.

दवाखान्यात 'आरएल लावलं' म्हणतात, त्यातला आर म्हणजे हेच रिंगर. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी पुढे त्यात लॅक्टेट घातलं. बाटलीचं लेबल वाचा, कॅल्शियम क्लोराइड लिहिलेलं दिसेल.

३. सरासरी काढण्याआधी एकेक पेशी बघा.

हा धडा मला सगळ्यांत उशिरा समजला, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो.

पेशींवर हिस्टामिन हे निरोप देणारं रसायन सोडलं की काय होतं ते मी मोजत होते. एका वेळी साठेक पेशी दिसायच्या. मी सगळ्यांची सरासरी काढून आलेख काढायचे: रेघ वर चढते, मग हळूहळू खाली येते. सुंदर, गुळगुळीत रेघ. दोन वर्षं मी त्या रेघेवर बोलत होते. एका संध्याकाळी संगणक बिघडला आणि सरासरी काढणारा प्रोग्राम चालेना, म्हणून मी कच्चं चित्रण तसंच बघत बसले. एक पेशी चमकली, विझली, पुन्हा चमकली. शेजारची तिच्याहून सावकाश. तिसरी एकदाच. चौथी गप्प. प्रत्येकीचा ठेका वेगळा. माझ्या रेघेसारखी वागणारी एकही पेशी तिथे नव्हती. मी रात्री साडेअकरापर्यंत तिथून उठले नाही.

हे इतरांनी आधीच पाहिलं होतं. १९८६ साली इंग्लंडमध्ये वुड्स, कथबर्टसन आणि कॉबोल्ड यांनी यकृताच्या एकेका पेशीतलं कॅल्शियम मोजलं. संप्रेरकाची मात्रा वाढवली तर लाटेची उंची फारशी वाढत नाही, लाटा लवकर लवकर येऊ लागतात, असं त्यांना दिसलं. मी तो निबंध वाचलेला होता. पण वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांत अंतर असतं.

लाटा उठतात कशा? हिस्टामिन पेशीच्या आत जात नाही, बाहेरच्या पडद्यावरच थांबतं. आतल्या बाजूला आयपी-थ्री नावाचा छोटा रेणू तयार होतो, तो साठ्यापर्यंत जातो आणि साठ्याचं दार उघडतो. आयपी-थ्रीमुळे साठ्यातून कॅल्शियम सुटतं हे १९८३ साली मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्या दाराचा स्वभाव विलक्षण आहे. जवळ थोडं कॅल्शियम आलं की ते आणखी उघडतं, फार झालं की मिटतं. मग पंप कॅल्शियम परत साठ्यात भरतात आणि दार पुन्हा उघडण्याजोगं होतं. उघडणं, मिटणं आणि भरणं या तिन्हींमधून ठेका तयार होतो.

आणि पेशी तो ठेका वाचते. १९९८ साली डोल्मेच, शू आणि लुईस यांनी रोगप्रतिकारक टी पेशींत दाखवलं की लाटा किती वारंवार येतात यावर कोणती जनुकं जागी होतात हे ठरतं. ढोलकीवर हात तोच, कातडं तेच, पण लावणीचा ठेका वेगळा आणि पोवाड्याचा वेगळा, हे कान असलेल्याला लगेच कळतं.

ठेक्याइतकीच जागा महत्त्वाची. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियमचं दार आणि रसायनाची पुटकुळी अगदी शेजारी शेजारी असतात. दार उघडल्यावर हजारांश सेकंदाच्या आत पुटकुळी फुटते आणि निरोप पुढच्या पेशीला पोचतो. तेवढंच कॅल्शियम पेशीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आलं असतं तर काहीच झालं नसतं. म्हणून 'कॅल्शियम वाढलं' एवढंच कोणी सांगितलं की मी विचारते: कुठे, किती वेळ, आणि परत कधी?

४. चांगलं दिसावं म्हणून रंग वाढवू नका.

आम्ही वापरतो तो फ्युरा-२ हा रंग रॉजर त्सिएन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दिला. तो कॅल्शियमला धरतो म्हणूनच आपल्याला कॅल्शियम दिसतं. पण धरतो म्हणजे तेवढं कॅल्शियम तो पेशीकडून काढूनही घेतो. चित्र उजळ यावं म्हणून मी एकदा रंग दुप्पट भरला. चित्र उजळ आलं आणि लाटा बसक्या झाल्या. पेशीत नवं काही घडलेलं नव्हतं, माझा रंगच निरोप पिऊन टाकत होता.

या रंगांच्या आधी जेलीफिश होती. १९६१ च्या उन्हाळ्यात जपानी शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरा अमेरिकेत फ्रायडे हार्बरला जेलीफिशमधला चमकणारा पदार्थ वेगळा करत होते. जमत नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी निरुपयोगी वाटलेला अर्क सिंकमध्ये ओतला आणि सिंक निळ्या प्रकाशाने उजळून निघालं. सिंकमध्ये समुद्राचं पाणी येत होतं आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं. त्या प्रथिनाचं नाव एक्वोरिन. तेच प्रथिन १९७७-७८ मध्ये रिजवे, गिल्की आणि जॅफे यांनी मेडाका माशाच्या अंड्यात भरलं. शुक्राणू शिरला त्या जागेवरून कॅल्शियमची प्रकाशलाट उठली आणि अंडंभर पसरत पलीकडच्या टोकाला गेली. नव्या जिवाला पहिली हाक कॅल्शियमने दिलेली असते. हे चित्र मी दरवर्षी पहिल्या तासाला दाखवते, आणि दरवर्षी वर्ग स्तब्ध होतो.

५. मिटण्याकडे दुर्लक्ष करू नका.

सगळ्यांचं लक्ष दार उघडण्याकडे असतं. मीही तशीच होते. मग थॅप्सिगार्जिन वापरलं. भूमध्य समुद्राकाठच्या एका वनस्पतीतून मिळणारं हे द्रव्य साठ्याचा पंप अडवतं, बाकी कशाला हात लावत नाही. वाटलं होतं, काही न होता पेशी तशीच राहील. पण साठा आपोआप गळू लागला. पंप अडल्यावर कळलं की साठा सतत गळतच असतो आणि पंप सतत भरत असतो. दुसऱ्या दिवशी बऱ्याच पेशी मेलेल्या होत्या.

हृदयाचंही तेच. ठोक्याला कॅल्शियम सुटतं तेव्हा स्नायू आवळतो. पुढच्या ठोक्याआधी ते सगळं उचलून परत ठेवावं लागतं, तरच हृदय सैल पडतं आणि रक्त भरून घेतं. सैल पडण्यालाही ऊर्जा लागते. माणूस गेल्यावर काही तासांनी अंग ताठरतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एटीपी संपलेलं असतं, कॅल्शियम कोंडणारं कोणी नसतं आणि आवळलेल्या स्नायूला सोडवणारंही कोणी नसतं. आबा गेल्यावर कितीतरी वेळ त्यांचा हात माझ्या हातात होता. तो हळूहळू घट्ट होत गेला आणि मला नेमकं माहीत होतं की आत काय चाललं आहे. त्या ज्ञानाने दुःख कमी झालं नाही. पण तो हात मला परका वाटला नाही.

६. लाजाळूला एकदा हात लावून बघा.

झाडांना मज्जातंतू नाहीत, तरी हे सगळं आहे. २०२२ साली जपानमधल्या संशोधकांनी कॅल्शियम दिसेल अशी जनुकबदल केलेली लाजाळू तयार केली. पान दुखावलं की कॅल्शियमची लाट पानोपानी धावते आणि तिच्या मागोमाग पानं मिटत जातात. पानं मिटू न शकणारी झाडं टोळांनी जास्त खाल्ली. लाजाळूला हात लावून पानं मिटताना बघायचा प्रयोग कोकणातल्या कुठल्याही पायवाटेवर मुलांना फुकट करता येतो.

७. घरच्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्या.

"तू कॅल्शियमवर काम करतेस, मग मी गोळ्या घेऊ का?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला जातो, आणि तो मी कधी टाळत नाही. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तातलं प्रमाण शरीर अतिशय काटेकोरपणे राखतं, कमी पडलं तर हाडातून काढून रक्तात आणतं. त्यामुळे गोळीने पेशीतला निरोप मोठ्याने ऐकू येत नाही. गोळी हाडांसाठी असते. ती घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे डॉक्टरांनी तुमची हाडं, वय आणि ड जीवनसत्त्व बघून ठरवायचं.

याहून काळजीचा प्रश्न रक्तदाबाच्या गोळीचा. आमच्या नात्यातल्या एका मावशींना अम्लोडिपिन सुरू झालं. कोणीतरी सांगितलं की ही 'कॅल्शियम ब्लॉकर' आहे. आपली हाडं ठिसूळ होतील म्हणून त्यांनी गोळी परस्पर बंद केली आणि दोन महिन्यांनी चक्कर येऊन पडल्या. मी त्यांच्यासमोर कागदावर धमनी काढली. धमनीच्या भिंतीत स्नायू असतात. कॅल्शियम दारातून आत आलं, कॅल्मोड्युलिनला चिकटलं की ते स्नायू आवळतात, धमनी अरुंद होते, दाब वाढतो. गोळी त्या दाराची उघडझाप कमी करते, धमनी सैलावते. हाडांतल्या कॅल्शियमला ती हात लावत नाही. मावशींनी गोळी पुन्हा सुरू केली. पावलांवर सूज येते का तेवढं बघायला आणि आली तर डॉक्टरांना सांगायला मी बजावलं. वीस शोधनिबंधांपेक्षा त्या कागदावरच्या चित्राचं मला समाधान आहे.

८. गोठ्यात शिकलेलं विसरू नका.

त्या पहाटे आमच्या गायीला काय झालं होतं ते मला आता सांगता येतं. दहा लिटर चिकातून साधारण २३ ग्रॅम कॅल्शियम जातं. गायीच्या रक्तात एका वेळी तीन-चार ग्रॅमच असतं. हाडांतून आणि आतड्यांतून भरपाई व्हायला काही तास, कधी दिवस लागतात, आणि वेत वाढेल तशी ही भरपाई मंदावते. तोवर रक्तातलं कॅल्शियम निम्म्यावर येतं. पेशीच्या आतली शांतता तशीच असते, पण बाहेरून येणारी हाकच क्षीण होते. मज्जातंतूच्या टोकाशी दार उघडतं, पण आत यायला पुरेसं कॅल्शियम नसतं. पुटकुळ्या फुटत नाहीत, स्नायूला निरोप मिळत नाही. पाय उचलत नाहीत, रवंथ थांबतो, हृदयाचे ठोके दुबळे पडतात आणि कान गार लागतात.

डॉक्टर नळी चिमटीत धरून छातीला स्टेथोस्कोप का लावून बसले होते, तेही आता कळतं. रक्तात कॅल्शियम एकदम चढलं की हृदयाचा ताल बिघडतो, ठोके अडखळतात आणि हृदय थांबतं. काही वर्षांनी आमच्याच गावात एका घरी डॉक्टरांना यायला उशीर झाला. म्हणून कोणीतरी बाटली आणून भरभर शिरेत सोडली. गाय सुई निघण्याआधी गेली.

म्हणून दूधवाल्या घरांना माझी विनंती आहे. व्यालेली गाय बसली आणि कान गार लागले तर लगेच पशुवैद्यांना बोलवा, सकाळची वाट बघू नका. ते येईपर्यंत तिला कुशीवर आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावून छातीवर बसती ठेवा. तोंडातून काही पाजू नका, तिला गिळता येत नसतं आणि ते फुप्फुसात जातं. आणि कॅल्शियमची बाटली कितीही हाताशी असली, तरी ती स्वतः शिरेत सोडू नका.